उपकरणाची ओळख, नोंदवही आणि वाचक : संगणकजाळ्यातील उपकरणशोधाच्या दस्तऐवजीकरणाचा ऐतिहासिक विचार (खान्देशच्या संदर्भात)

प्रास्ताविक

इतिहासाच्या अभ्यासात नोंदवहीला साधन म्हणून मोठे स्थान आहे. जमाबंदीच्या वह्या, जन्ममृत्यूच्या नोंदी, रेल्वेची रजिस्टरे यांच्या आधारे अनेक प्रबंध सिद्ध झाले. त्या मानाने नोंदवही कशी वाचावी याविषयीच्या सूचनांकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. याचे कारण उघड आहे. नोंदवही वाचणारा कारकून बहुधा ती लिहिणाराही असे. त्याला सूचनांची गरज नव्हती. कोणता रकाना विश्वासाचा आणि कोणता केवळ रिकामा दिसू नये म्हणून भरलेला, हे त्याला ठाऊक असे. ते कोठे लिहून ठेवण्याची पद्धत नव्हती.

संगणकांच्या जाळ्यातील एखादे उपकरण कोणते, कोणाचे आणि कोठे आहे हे शोधून देणारी साधने गेल्या पन्नासेक वर्षांत घडत गेली. त्यांचे उत्तर वाचणारा आजवर माणूस होता, किंवा माणसाने आधीच ठरवून दिलेल्या पायऱ्यांनी चालणारा संगणक कार्यक्रम. २०२३ नंतर तिसरा वाचक पुढे आला. दस्तऐवज स्वतः वाचून कोणते साधन वापरायचे आणि मिळालेल्या उत्तरावरून पुढे काय करायचे हे ठरविणारा एआय एजंट हा तो वाचक होय. प्रस्तुत लेखात उपकरणशोधाच्या साधनांचा आणि त्यांच्या दस्तऐवजीकरणाचा इतिहास खान्देशातील व महाराष्ट्रातील उदाहरणांच्या आधारे तपासला आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, ज्या नोंदवहीतून उत्तर येते तिचा हेतू, तिची तारीख आणि तिची मर्यादा उत्तरासोबत गेली नाही, तर बरोबर नोंदीवरूनही चुकीचा निर्णय होतो. पूर्वी ही उणीव कारकुनाचा अनुभव भरून काढीत असे. एजंटाच्या बाबतीत ती लिखित दस्तऐवजानेच भरून काढावी लागते.

यार्डातील क्रमांक आणि दूरध्वनीचा सांकेतांक

मुंबईहून येणारा लोहमार्ग भुसावळला फुटतो. एक मार्ग खांडव्याकडे जातो, दुसरा नागपूरकडे. अशा जंक्शनच्या यार्डात कोणती वॅगन कोणत्या रुळावर उभी आहे हे कळणे म्हणजेच कामकाज चालणे. ट्रेन्स क्लार्क वॅगनवरील क्रमांक टिपून घेत असे आणि त्या क्रमांकावरून वॅगनचा प्रकार व मालक रेल्वे समजत असे. भारतीय रेल्वेच्या आजच्या अकरा अंकी वॅगन क्रमांकात ही माहिती क्रमाने गुंफलेली आहे. पहिले दोन अंक वॅगनचा प्रकार, पुढील दोन मालक रेल्वे, त्यानंतरचे दोन बांधणीचे वर्ष, पुढील चार त्या वॅगनचा स्वतःचा क्रमांक आणि शेवटचा अंक पडताळणीचा. टिपताना एखादा अंक चुकला तर आधीच्या अंकांवरून केलेला हिशेब आणि अकरावा अंक यांचा मेळ बसत नाही व चूक उघडी पडते. उन्हात, धुळीत आणि घाईत क्रमांक टिपणाऱ्या माणसाच्या हातून चूक होणार, हे गृहीत धरूनच ही रचना केलेली आहे.

मात्र वॅगनच्या क्रमांकातून ती आज कोठे आहे, हे कळत नाही. त्यासाठी यार्डाची चालू नोंद पाहावी लागते. ओळख सांगणारी वही आणि ठिकाण सांगणारी वही वेगवेगळ्या असतात. संगणकजाळ्यात नेमका येथेच गोंधळ होतो.

दूरध्वनीच्या क्रमांकांचा अनुभवही असाच बोलका आहे. ०२५७ म्हणजे जळगाव, ०२५६२ म्हणजे धुळे, ०२५८२ म्हणजे भुसावळ, हे लँडलाइनच्या काळात व्यापाऱ्यांना तोंडपाठ असे. आरंभीचे अंक ठिकाण सांगत आणि ते खरे असे, कारण तार त्या गावातच पुरलेली होती. मोबाइल आल्यावर आरंभीचे अंक सेवा देणारी कंपनी आणि परिमंडळ सांगू लागले. २० जानेवारी २०११ रोजी क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर लागू झाली. त्या दिवसापासून क्रमांकाचे आरंभीचे अंक एवढेच सांगतात की हा क्रमांक प्रथम कोणी दिला. आज सेवा कोण देते ते सांगत नाहीत. अंक तेच राहिले आणि त्यांचा अर्थ बदलला. ज्याच्या हाती जुनी यादी होती, त्याला ती चुकीची आहे असे यादीकडे पाहून कधीच कळले नसते.

पत्ता आणि पत्त्याचा धारक

संगणकजाळ्यात उपकरणाला दिलेल्या पत्त्याचा इतिहास इथरनेटपासून सुरू होतो. १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात इथरनेटची कल्पना आकारास आली. पुढे जगातील प्रत्येक जोडणीला स्वतंत्र पत्ता मिळावा म्हणून ४८ बिटांचा पत्ता रूढ झाला. तो मॅक पत्ता या नावाने ओळखला जातो आणि बारा अंकचिन्हांत लिहिला जातो. पहिले २४ बिट कंपनीला दिलेल्या गटाचे आणि उरलेले २४ बिट त्या कंपनीने एकेका उपकरणास दिलेले, अशी त्याची मूळ विभागणी आहे. गटवाटपाची नोंदवही आरंभी झेरॉक्सकडे होती. नंतर ती विद्युत व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांच्या आयट्रिपलई या संस्थेकडे आली. यादीतील अगदी पहिले गट आजही झेरॉक्सच्या नावे आहेत, ही त्या इतिहासाचीच खूण होय.

या यादीवरून उपकरण कोणी बनवले हे सांगणारी शोध-साधने सर्वत्र आढळतात. परंतु यादी तयार झाली ती एकच पत्ता दोघांना जाऊ नये या हेतूने, निर्माता सांगण्यासाठी नव्हे. गट ज्याच्या नावे आहे तो धारक. उपकरणाचे खोके ज्याने विकले तो वेगळा असू शकतो. संगणक एका कंपनीचा आणि त्यातील नेटवर्क कार्ड दुसऱ्या कंपनीचे, ही नेहमीची स्थिती आहे. २०१० मध्ये थ्रीकॉम ही कंपनी एचपीने विकत घेतली, तरी थ्रीकॉमच्या नावाचे गट यादीत राहिले. शिवाय लहान कंपन्यांसाठी २८ आणि ३६ बिटांचे गटही दिले जाऊ लागल्याने केवळ पहिली सहा अंकचिन्हे पाहून दिलेले उत्तर अपुरे ठरते. वॅगनच्या क्रमांकात असतो तसा पडताळणीचा अंकही मॅक पत्त्यात नाही. एक चिन्ह चुकले तर साधन तितक्याच खात्रीने दुसऱ्याच कंपनीचे नाव सांगते.

याहून मोठा बदल मोबाइलमुळे झाला. वापरकर्त्याचा माग काढला जाऊ नये म्हणून फोन आपला खरा पत्ता लपवून तात्पुरता पत्ता सांगू लागले. २०१४ मध्ये ॲपलने आयओएसच्या आठव्या आवृत्तीत याचा आरंभ केला, तोही जोडणी शोधतानाच्या मर्यादित प्रसंगापुरता. २०१९ मधील अँड्रॉइड १० आणि २०२० मधील आयओएस १४ पासून वायफायला जोडल्यावरही असा पत्ता वापरणे ही मूळ मांडणीच झाली. असा पत्ता ओळखता येतो: त्याचे दुसरे अंकचिन्ह २, ६, ए किंवा ई असते. तो आयट्रिपलईच्या यादीत शोधणे मुळातच निरर्थक आहे. येथे ‘नोंद सापडली नाही’ आणि ‘नोंद असूच शकत नाही’ या दोन उत्तरांतील फरक महत्त्वाचा ठरतो. पहिल्या उत्तराने संशय वाढतो. दुसऱ्याने तो मिटतो. अनेक साधने दोन्ही प्रसंगी एकच शब्द परत देतात: ‘अज्ञात’.

माणसासाठी लिहिलेले उत्तर

इंटरनेटच्या पूर्वसूरी अर्पानेटमधील संगणकांची यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती केंद्रात ठेवली जात असे. एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखालील हे केंद्र सर्वांसाठी एकच यजमान-यादी राखी आणि सहभागी संस्था तिची प्रत उतरवून घेत. १९८२ मध्ये याच केंद्राच्या वतीने ‘हूइज’ या शोधसेवेचे विवरण प्रसिद्ध झाले. नाव विचारावे, आणि व्यक्ती, संस्था व पत्ता साध्या मजकुरात मिळावा, अशी ती सेवा होती. एकाच केंद्रात यादी राखणे जड होऊ लागले, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी क्षेत्रनाम प्रणाली मांडली आणि नोंदवही अनेकांत वाटली गेली.

भारताचा वाटा मुंबईत आला. १९८९ मध्ये ‘डॉट इन’ हे क्षेत्रनाम अस्तित्वात आले आणि त्याची नोंदवही जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे राहिली. जानेवारी २००५ पासून ती नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाच्या व्यवस्थेखाली सर्वसामान्यांस खुली झाली. २०१२ मध्ये इंटरनेट क्रमांकांसाठी स्वतंत्र भारतीय नोंदणी सुरू झाली.

हूइजचे २००४ मधील सुधारित विवरण स्पष्ट सांगते की ही सेवा माणसाला वाचता येईल अशा रूपात उत्तर देते. म्हणजे प्रत्येक नोंदणी संस्थेने आपापल्या पद्धतीने लिहिलेले गद्य. माणूस ते सहज समजून घेई. यंत्राला ते जमत नसे. म्हणून २०१५ मध्ये आरडॅप या नव्या पद्धतीत उत्तराचे रकाने ठरवून दिले गेले. तीत नोंद कधी बदलली आणि नोंदवही शेवटी कधी अद्ययावत झाली, यासाठीही जागा आहे. २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण क्षेत्रनामांसाठी हूइज चालविण्याचे बंधन संपुष्टात आले. गद्यातून रकान्यांकडे जाण्याचा हा प्रवास पूर्ण होत असतानाच गद्य वाचणारे यंत्र आले, हा इतिहासातील योगायोग मौजेचा आहे.

उपकरणाने स्वतःविषयी सांगितलेले

शोधाची आणखी एक पद्धत म्हणजे उपकरणालाच विचारणे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले. त्याच वर्षी एसएनएमपी ही उपकरण-व्यवस्थापनाची पद्धत आपल्या स्थिर स्वरूपात आली आणि १९९१ मध्ये तिच्या माहितीकोशाची दुसरी आवृत्ती निघाली. तीत प्रत्येक उपकरणाने आपले वर्णन, नाव, ठिकाण आणि संपर्काची व्यक्ती सांगावी अशी सोय आहे. पैकी वर्णन निर्माता भरतो. उरलेले तीन रकाने स्थानिक व्यवस्थापकाने भरावयाचे असतात आणि तेच बहुधा रिकामे राहतात. उपकरण बसवणारा कंत्राटदार निघून जातो; संपर्क म्हणून ज्याचे नाव घातले, त्याची बदली होते.

ठिकाणाच्या रकान्याविषयी एक गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. त्यात कमाल २५५ चिन्हे मावतात आणि ती रोमन लिपीच्या मूळ संचातीलच असावी लागतात. ‘भौतिकशास्त्र विभाग, जुनी इमारत’ असे त्यात देवनागरीत लिहिताच येत नाही. रोमन लिपीत लिहिताना भुसावळचे स्पेलिंग ‘व्ही’ने करावे की ‘डब्ल्यू’ने, हे लिहिणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून राहते. धुळ्याचे जुने इंग्रजी रूप ‘धुलिया’ अजूनही कागदोपत्री भेटते. जळगाव म्हटले तर बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदही आहे. स्थानिक माणूस हे भेद नकळत जुळवून घेतो. अक्षराला अक्षर जुळवणारे शोध-साधन एकाच गावाची तीन गावे करते, किंवा दोन गावांचे एक. ग्रामपंचायतींना केंद्र शासनाच्या निर्देशिकेत दिलेला सांकेतांक अशा वेळी नावापेक्षा भरवशाचा ठरतो.

महाविद्यालयांत याहून जुनी नोंदवही आहे: जडवस्तू संग्रह नोंदवही, म्हणजेच बोलीतले डेडस्टॉक रजिस्टर. स्विच केव्हा घेतला, किती रुपयांस, कोणत्या देयकान्वये, कोणत्या विभागास दिला आणि निर्लेखित केव्हा केला, हे त्यात असते. मात्र त्या स्विचचा जाळ्यातील पत्ता नसतो. संगणक प्रयोगशाळेतील साहाय्यकाकडे पत्त्यांची यादी असते. तीत खरेदीचा क्रमांक नसतो. दोन्ही वह्या आपापल्या जागी प्रामाणिक आहेत, पण एकीवरून दुसरीकडे जाण्याची वाट त्या साहाय्यकाच्या स्मरणात असते. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात कागद हाताळणाऱ्या संशोधकाला हा प्रश्न परिचयाचा आहे. कागद कोणत्या दफ्तरातला, हे कळल्याखेरीज त्याच्या मजकुराचे मोल ठरत नाही.

महाराष्ट्रातील प्रयोग

उपकरणशोधाचे साधन सामान्य नागरिकाच्या हाती देण्याचा देशातील मोठा प्रयोग महाराष्ट्रातच सुरू झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये दूरसंचार विभागाने केंद्रीय उपकरण ओळख नोंदवही, म्हणजे सीईआयआर, महाराष्ट्रासाठी प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. तिची उभारणी सी-डॉट या शासकीय संस्थेने केली होती. मे २०२३ मध्ये ती संचार साथी संकेतस्थळाच्या द्वारे देशभर उपलब्ध झाली. हरवलेल्या फोनची पोलिसांत तक्रार केल्यानंतर तो सर्व कंपन्यांच्या जाळ्यांत बंद करता येतो, आणि जुना फोन विकत घेण्यापूर्वी त्याची स्थिती तपासता येते.

या शोधाची किल्ली म्हणजे पंधरा अंकी आयएमईआय. पहिले आठ अंक फोनची जात सांगतात, पुढील सहा त्या नगाचा क्रमांक आणि शेवटचा पडताळणीचा. वॅगनच्या क्रमांकाशी त्याचे साम्य उघड आहे. परंतु या क्रमांकाचा भारतातील इतिहास सरळ नाही. आयएमईआय नसलेले स्वस्त हँडसेट बाजारात आल्यावर २००९ च्या अखेरीस त्यांची सेवा बंद करण्याचे आदेश निघाले. त्याच सुमारास अशा हँडसेटमध्ये अधिकृत केंद्रांवर क्रमांक भरून देण्याची सोयही झाली. त्या हँडसेटपुरता क्रमांक कारखान्याविषयी काहीच सांगत नव्हता. २०१७ मध्ये आयएमईआयमध्ये फेरफार करण्यास प्रतिबंध करणारे नियम आले. तरीही २०२० मध्ये मेरठ पोलिसांच्या तपासात एकाच आयएमईआयवर तेरा हजारांहून अधिक फोन चालू असल्याचे उघडकीस आले.

या पार्श्वभूमीवर सीईआयआरच्या दस्तऐवजीकरणातील एक बाब उल्लेखनीय आहे. तपासणीचे उत्तर केवळ ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे नसून ‘काळ्या यादीत’, ‘दुबार’, ‘आधीच वापरात’ अशा स्थिती त्यात येतात आणि त्यांपैकी काही आढळल्यास फोन विकत घेणे टाळावे, हे तेथेच सांगितलेले असते. उत्तर, उत्तराचा अर्थ आणि पुढची कृती या तिन्ही गोष्टी एकत्र आहेत. ‘दुबार’ म्हणजे समोरचा विक्रेता चोर, असे मात्र त्यात कोठेही म्हटलेले नाही. मेरठच्या प्रकरणाकडे पाहता हा संयम किती आवश्यक होता, हे लक्षात येते.

नवा वाचक

जून २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या भाषा-प्रारूपांना बाहेरची साधने वापरू देण्याची सोय केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल ही खुली पद्धत जाहीर केली. या पद्धतीत प्रत्येक साधनासोबत त्याचे नाव, साध्या भाषेतील वर्णन आणि कोणते इनपुट कोणत्या रूपात द्यावे याचा आराखडा दिलेला असतो. एजंट ते वर्णन वाचतो आणि साधन वापरायचे की नाही हे ठरवतो. पूर्वी दस्तऐवज कार्यक्रमाच्या शेजारी ठेवलेला असे. कोणी न वाचला तरी कार्यक्रम चालत असे. आता दस्तऐवजातील वाक्यच कामकाजाचा भाग झाले आहे. वर्णनात ‘उपकरणाचा निर्माता सांगते’ असे लिहिले तर एजंट धारकालाच निर्माता समजेल. त्याला थ्रीकॉमचा इतिहास आठवेलच, असा भरवसा धरता येत नाही.

याचे परिणाम कागदी नाहीत. समजा, परीक्षेच्या दिवशी महाविद्यालयाच्या वायफायवर एक ‘अज्ञात’ उपकरण दिसले आणि जाळ्याची देखरेख करणाऱ्या एजंटाला ते बंद करण्याचा अधिकार दिलेला आहे. ते उपकरण पर्यवेक्षकाचा नवा फोन असेल, किंवा प्रश्नपत्रिका उतरवून घेणारा संगणकही असेल. ‘अज्ञात’ या एका शब्दावर निर्णय सोपवणे म्हणजे यार्डात क्रमांक पुसट दिसतो म्हणून वॅगन रिकामी समजण्यासारखे आहे.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. उपकरण स्वतःचे नाव आणि वर्णन स्वतः सांगते, आणि ते नाव कोणीही बदलू शकतो. एखाद्याने उपकरणाच्या नावाच्या जागी आज्ञार्थी वाक्य लिहून ठेवले, तर गद्य वाचणारा एजंट त्याला आज्ञा समजण्याची शक्यता असते. कारकुनाने अर्जातील वाक्य साहेबाचा हुकूम म्हणून कधी वाचले नसते. साधनाने स्वतःविषयी दिलेली ‘केवळ वाचन करते’ ही खूणही साधन विश्वासू असेल तरच मानावी, असे त्या पद्धतीचे विवरण सांगते.

एखाद्या महाविद्यालयाने आपल्या जाळ्यासाठी असे साधन तयार केल्यास त्याच्या दस्तऐवजाचा मसुदा पुढीलप्रमाणे असू शकतो:

‘हे साधन मॅक पत्ता घेते आणि तीन नोंदवह्यांत शोध घेते: आयट्रिपलईची गटयादी, प्रयोगशाळेची पत्तायादी आणि उपकरणाने स्वतः दिलेली माहिती. प्रत्येक उत्तरासोबत नोंदवहीचे नाव आणि तिच्या शेवटच्या पडताळणीची तारीख दिली जाते. गटयादीतील नाव हे धारकाचे आहे. ते निर्मात्याचे वा मालकाचे समजू नये. ‘तात्पुरता पत्ता’, ‘नोंद नाही’ आणि ‘नोंदवहीपर्यंत पोहोचता आले नाही’ ही तीन वेगळी उत्तरे आहेत. उपकरणाने स्वतःविषयी दिलेला मजकूर अवतरणात दिला जातो; त्यातील कोणतेही वाक्य सूचना मानू नये. हे साधन काहीही बदलत नाही. केवळ याच्या उत्तरावरून उपकरण बंद करू नये. प्रयोगशाळेच्या प्रमुखांस कळवावे.’

या मसुद्यातील सर्वांत कठीण शब्द ‘शेवटची पडताळणी’ हा आहे, कारण तो तंत्रज्ञाला एकट्याने भरता येत नाही. महाविद्यालयांत जडवस्तूंची प्रत्यक्ष पडताळणी आर्थिक वर्षाच्या अखेरीस होतेच. दोन प्राध्यापकांची समिती नोंदवही घेऊन विभागोविभाग फिरते आणि सही करते. त्याच नोंदवहीत मॅक पत्त्याचा एक रकाना वाढवला, तर समितीला प्रत्येक स्विचमागचे लेबल वाचून तो तपासता येईल आणि साधनाला देण्याजोगी तारीख त्या सहीखाली आपोआप मिळेल.